मोजणी, मणी आणि धोरण : गडचिरोलीचा धडा

सार्वजनिक आरोग्याचे कोणतेही धोरण अखेर आकड्यांवर उभे राहते, आणि ज्या मृत्यूची नोंदच होत नाही त्याच्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसाही सुटत नाही. भारतातील खेड्यांत बाळंतपणे घरीच होत, त्या काळात बारशाआधीच दगावलेली कितीतरी बाळे अशी नोंदीबाहेर राहत. जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत, दर हजार जिवंत जन्मांमागे जितकी बालके दगावतात, त्या प्रमाणाला ‘नवजात मृत्यूदर’ म्हणतात; हा दर गावपातळीवर काटेकोरपणे मोजणे आणि मग तो कमी करणे, हे काम गडचिरोली जिल्ह्यात ज्या पद्धतीने झाले, त्यातून विज्ञान धोरणापर्यंत कसे पोहोचते हे स्पष्ट दिसते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये या जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिचे आरंभीचे एक संशोधन बालकांच्या न्यूमोनियावर होते. या आजारात श्वासाची गती वाढते. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक, आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा त्याहून अधिक वेळा चालला, तर न्यूमोनियाचा संशय घेतला जातो. मात्र अनेक दायांना दहाच्या फार पुढे मोजता येत नसे. त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचा श्वासमापक तयार झाला: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर बाळ आजारी समजायचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईच्या हाती निदान देणारे हे साधन दिसायला साधे होते, तरी त्यामागचे शास्त्र तितकेच पक्के होते.

पुढचा प्रश्न नवजात बालकांचा होता. 1993 ते 1995 या काळात आधी नुसती नोंद झाली आणि त्यानंतर 39 गावांत घरोघरी सेवा देण्यात आली, तर 47 गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. काळाच्या ओघात आपोआप होणारी सुधारणा आणि उपचारांमुळे झालेली सुधारणा यांतला फरक अशा तुलना-गटावाचून कळत नाही. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया प्रशिक्षण घेऊन ‘आरोग्यदूत’ झाल्या. त्या बाळाचे वजन करीत, ताप पाहत, बाळाला ऊब कशी द्यावी हे आईला शिकवीत, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देत, आणि रक्तातील जंतुदोषाची लक्षणे दिसताच पालकांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. सेवेच्या तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्यूदर 25.5 इतका आढळला, तर तुलनेच्या गावांत तो 59.6 होता. 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षांना धोरणाचे रूप यायला मात्र एका तपाचा काळ लागला. 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामुळे गावोगावी ‘आशा’ ही कार्यकर्ती उभी राहिली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम हाती घेतला. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावे, आणि घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही जावे, असे वेळापत्रक ठरले. इंजेक्शनाचा अधिकार मात्र तिला मिळाला नाही. 2014 मध्ये आजारी बाळाला वरच्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी जेंटामायसिनची मात्रा देण्याची परवानगी परिचारिकेला, म्हणजे एएनएमला, देण्यात आली. संशोधनातला जो भाग शासनयंत्रणेला जबाबदारी आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने झेपला तो आधी उचलला गेला आणि उरलेला अंशतः, तोही उशिरा आला.

या प्रवासात शिक्षणाचा वाटा दुय्यम नाही. तज्ज्ञांचे ज्ञान कमी शिकलेल्या स्त्रीला पेलेल अशा रीतीने मांडले गेले, म्हणूनच ते गडचिरोलीबाहेर नेता आले; नुसते औषध पाठवून हे साधले नसते. भेटींचे वेळापत्रक कागदावर उतरवणे सोपे असते, पण बेचाळिसाव्या दिवसाच्या रकान्यात वजन खरेच काट्यावर पाहून लिहिले आहे की अंदाजाने भरले आहे, यावर त्या धोरणाचे शास्त्रीयपण अवलंबून राहते.