काचेतल्या बाळाचे डोळे कधी तपासायचे?

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. म्हणून त्याला काचेत ठेवून प्राणवायू देतात. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू नयेत म्हणून श्वासनळीतून सर्फॅक्टंट नावाचे औषध सोडतात. व्हेंटिलेटर सुटत नसेल, तर काही बाळांना डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइडही द्यावे लागते.

याच काळात डोळ्यांची वाढही चालू असते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या चौथ्या महिन्यापासून कडेकडे पसरू लागतात आणि ४०व्या आठवड्याच्या सुमारास कडेला पोचतात. बाळ लवकर जन्मले, की हे काम अर्धवट राहते.

प्राणवायू जास्त झाला, तर ही वाढ थांबते. काही आठवड्यांनी, रक्त न पोचलेल्या भागाजवळ वेड्यावाकड्या, नाजूक वाहिन्या फुटतात. त्या पडदा ओढून जागेवरून सोडवू शकतात. या आजाराला आरओपी म्हणतात. म्हणूनच बाळाच्या रक्तातला प्राणवायू साधारण ९१ ते ९५ टक्क्यांत राखतात.

स्टेरॉइड लागलेल्या बाळांत तीव्र आरओपी जास्त दिसतो. पण ही बाळे मुळातच जास्त आजारी असतात. त्यामुळे औषधाला घाबरून नकार देऊ नये. डॉक्टरांशी बोलावे आणि डोळ्यांची तारीख पक्की करावी.

जन्माचे वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा जन्म ३४ आठवड्यांपूर्वीचा असेल, तर पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांपूर्वीच्या किंवा १२०० ग्रॅमखालच्या बाळाची ती दोन-तीन आठवड्यांतच करतात.

घोळ होतो तो इथेच. सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढायचे नाही, असे घरचे म्हणतात. नेमकी तपासणीची तारीख त्यातच येते. बाळंतीण माहेरी जाते आणि फाइल सासरी राहते. शिवाय बाळाचे डोळे वरून अगदी छान दिसतात. लाली नाही, पाणी नाही. बुबुळात पांढरे दिसू लागेपर्यंत थांबलो, तर बहुधा फार उशीर झालेला असतो.

तपासणीच्या दिवशी थेंब टाकून बाहुली मोठी करतात, चिमट्याने पापण्या उघड्या ठेवतात आणि भिंगातून पडदा पाहतात. बाळ रडते, पण काम काही मिनिटांचे असते. आधी दूध कधी द्यायचे, ते विचारून घ्यावे.

आजार वाढलेला असेल, तर दोन-तीन दिवसांत लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन देतात. इंजेक्शननंतर आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून पुढच्या फेऱ्या चुकवू नयेत.

घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर तपासणीची तारीख आणि ठिकाण लिहून घ्यावे. एकदा 'ठीक आहे' म्हटले, म्हणून आपण थांबू नये. वाहिन्या पूर्ण वाढल्या असे डॉक्टर लिहून देईपर्यंत जात राहावे. पुढेही चष्मा व तिरळेपणा यांसाठी डोळे तपासून घ्यावेत.