बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळतं हिवाळ्यात

मार्गशीर्ष लागला, की म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथासाठी परमुलुखात गेलेली माणसं माण भागात परततात. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानं इकडची कुटुंबं देशभर पांगली आहेत. त्यांच्या गावाकडच्या घरासमोर महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाड्या याच दिवसांत बाहेर निघतात. सेल्फ मारला, की नुसतं 'टक' वाजतं. मग निरोप येतो, 'थंडीनं बॅटरी गेली, नवी घेऊन या.' मी वाहनांच्या वायरिंगचं काम करतो. अशा वेळी मी आधी मीटर घेऊन जातो. नवी बॅटरी म्हणजे काही हजारांचा खर्च, तो विनाकारण का करावा?

आळ येतो थंडीवर, पण घात उन्हानं केलेला असतो. बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल. एका कप्प्याचे साधारण 2.1 व्होल्ट, सहांचे मिळून 12.6. गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 मध्ये ही युक्ती शोधली; मूळ तत्त्व आजही तेच आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, बॉनेटखाली तर त्याहून जास्त. उष्णतेनं प्लेटांची जाळी गंजते, पाणी उडतं. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं, तर आयुष्य निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. थंडीत इंजिनचं ऑइल घट्ट होतं. सेल्फला जास्त करंट लागतो आणि बॅटरी नेमका कमी देते. उन्हाळ्यात खचलेली बॅटरी तेव्हा उघडी पडते.

दुसरा शत्रू म्हणजे बोअरचं पाणी. ज्या पाण्यानं हंड्याला पांढरा थर चढतो, ते बॅटरीत टाकलं तर त्यातले क्षार आतच राहतात आणि प्लेटा खराब करतात. फिल्टरचं पिण्याचं पाणीही चालत नाही, त्यात थोडे क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटरच टाकावं. ते टँकरच्या पाण्याहून महाग वाटलं, तरी लागतं थोडंच. अ‍ॅसिड मात्र वरून कधीही टाकू नये. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड नव्हे. झाकणं उघडत नाहीत अशा सीलबंद बॅटरीत यातलं काहीच करायचं नसतं.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावा. 12.6 च्या आसपास आकडा आला, तर बॅटरी भरलेली आहे. 12 आला, तर ती उतरलीय, पण मेली असं नव्हे. आधी पूर्ण चार्ज करा, मग पाहा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर ती संपत आली. गाडी चालू असताना साधारण चौदा दिसायला हवेत. तेवढे नसतील तर दोष अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा असू शकतो. नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरेल. कित्येकदा तर टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवट थरच आडवा येतो. खायच्या सोड्याच्या पाण्यानं तो धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलिन लावा. महिनोन्‌महिने गाडी उभीच ठेवायची असेल, तर निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. घड्याळ, अलार्म गुपचूप करंट खातात. उतरलेली बॅटरी तशीच पडली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.

बदलायची वेळ आलीच, तर आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला टेकला, की ठिणगी उडते आणि चार्जिंगमध्ये निघालेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. विडी-काडी तर लांबच ठेवा. नवी घेताना बनावटीची तारीख पाहा, गाडीच्या पुस्तकातला अँपिअर-अवर जुळवा. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला त्याच जातीची बॅटरी लागते. आणि पट्टी कसून आवळा. आपल्या रस्त्यांवर हिंदकळून प्लेटा निखळतात.

जुनी मात्र घरी फोडू नका. गलाईवाल्यांच्या गावात भट्टी कुणाला नवी नाही, पण शिशाचा धूर मुलांच्या मेंदूला इजा करतो आणि सांडलेलं अ‍ॅसिड विहिरीपर्यंत जाऊ शकतं. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम 2001 पासून होते, 2022 मध्ये नवे आले. दुकानदार जुनी घेऊन नवीची किंमत कमी करतो. तिचं शिसं वितळून पुन्हा नव्या बॅटरीत जातं.