शक क्षत्रप आणि त्रिरश्मीचा भिक्खू संघ

मध्य आशियातील गवताळ मैदानांतून निघालेल्या भटक्या अश्वारोही जमातींनी अर्धे जग पादाक्रांत केले, ही गोष्ट आपल्याला बहुधा चंगीझखानाच्या नावाने ठाऊक असते. या जमातींचा महाराष्ट्राशी आणि विशेषतः महाराष्ट्रातील बौद्ध धम्माच्या इतिहासाशी काही संबंध आला असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः चंगीझखानाच्या अकराशेहून अधिक वर्षे आधी त्याच मैदानांतून निघालेल्या एका जमातीचे वंशज नाशिक, कार्ले आणि जुन्नर या परिसरावर राज्य करीत होते. ही जमात म्हणजे शक. त्यांच्या दानांचे लेख आपल्या लेण्यांच्या भिंतींवर आजही वाचता येतात. भिक्खू संघाने या परक्या विजेत्यांना कसे स्वीकारले, आणि त्या स्वीकारातून काय साधले व काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. ढोकीपासून थोड्याच अंतरावर तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. प्राचीन काळचे तगर ते हेच. तेथील उत्खननात विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत, आणि गावातील त्रिविक्रमाचे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, हे त्याच्या गजपृष्ठाकृती रचनेवरून अभ्यासकांनी मानले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या पुस्तकात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. तेथून जाडेभरडे कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून बिकट वाटांनी बरिगाझा, म्हणजे भरुकच्छ किंवा आजचे भडोच, या बंदराकडे जात असे. त्या बंदराच्या प्रदेशातील राजाचे नाव पुस्तकात ज्या रूपात आले आहे, ते क्षहरात क्षत्रप नहपानाचे होय, असे विद्वान मानतात. तगर नहपानाच्या राज्यात होते असे म्हणता येत नाही. पण येथल्या विणकराच्या मागावरचे कापड ज्या बंदरातून परदेशी जात होते, ते शकांच्या ताब्यात होते, एवढे निश्चित.

हे शक आले कोठून? चिनी इतिहासग्रंथांनुसार इ. स. पू. दुसऱ्या शतकात हूणांशी ज्यांचे नाते जोडले जाते त्या शिओंग्नू जमातीने युएची जमातीला चीनच्या सरहद्दीवरून पश्चिमेकडे हुसकले. युएचींनी इली नदीच्या खोऱ्यातील शकांना ढकलले. शक बॅक्ट्रियाकडे आणि पुढे इराणच्या पूर्व भागात सरकले. तो प्रदेश त्यांच्याच नावाने शकस्थान, म्हणजे आजचे सिस्तान, या नावाने ओळखला गेला. तेथून ते सिंधूच्या खोऱ्यात उतरले. गवताळ प्रदेशाचा इतिहास बहुतांशी असाच घडला आहे: एका टोकाला धक्का बसला की दुसऱ्या टोकाला एखादे राज्य कोसळते. ‘क्षत्रप’ ही पदवीसुद्धा इराणी राज्यव्यवस्थेतून त्यांनी बरोबर आणली होती. नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस त्याचा मुखवटा व ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील मजकूर आढळतो. तीन लिपींचे हे एक नाणे शकांचा सारा प्रवास सांगून जाते.

आता प्रश्न असा की चातुर्वर्ण्याच्या व्यवस्थेत या लोकांना कोठे बसवावयाचे? पतंजलीने महाभाष्यात शक आणि यवन यांची गणना शूद्रांत केली आहे, मात्र ज्यांना पूर्णपणे बाहेर काढलेले नाही अशा शूद्रांत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शक, यवन, कंबोज, पल्हव इत्यादींना मूळचे क्षत्रिय मानून, संस्कार सुटल्यामुळे आणि ब्राह्मणांचा संपर्क न राहिल्यामुळे ते वृषल झाले, असे सांगितले आहे. म्हणजे तलवारीच्या बळावर राज्य मिळविणाऱ्यालाही या ग्रंथांत जागा होती ती खालचीच. याउलट मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात तथागतांनी याच सरहद्दीवरील लोकांचा दाखला देऊन वर्णव्यवस्थेचा पायाच काढून घेतला आहे. योन, कंबोज आणि इतर सीमावर्ती जनपदांत दोनच वर्ण असतात, आर्य आणि दास, आणि तेथे आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो, हे अस्सलायनाने ऐकले आहे ना, असे ते विचारतात. चार वर्ण निसर्गसिद्ध असते तर ते सर्वत्र दिसावयास हवे होते, हा त्यामागील युक्तिवाद. परंपरेनुसार तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात, म्हणजे कोकणच्या किनारपट्टीत, धम्म सांगावयास गेलेले धम्मरक्खित थेर हे स्वतः योनच होते. तेव्हा शक जेव्हा सह्याद्रीत आले, तेव्हा भिक्खू संघाला परका माणूस हा काही नवा प्रश्न नव्हता.

नहपानाचा जावई उषवदात हा या कथेतील मुख्य पुरुष. बापाचे नाव दीनीक, हे उघडच इराणी वळणाचे. मुलाचे नाव मात्र ऋषभदत्त, प्राकृतात उषवदात. एका पिढीत नाव बदलले. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, दहा क्रमांकाचे लेणे त्याने चातुर्दिश भिक्खू संघाला दिले, आणि नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. वर्ष ४२ च्या लेखात त्याने ३,००० कार्षापणांची ‘अखयनिवी’, म्हणजे मूळ रक्कम कधीही न मोडता केवळ व्याज वापरावयाचे अशी कायमची ठेव, नोंदविली आहे. ही ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली होती: २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीचे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४० होते. लेण्यात वर्षावास करणारे भिक्खू वीस, आणि प्रत्येकाला चीवरासाठी बारा. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. हिशेब इतका चोख आहे की हा लेख कोरण्यापूर्वी कोणी तरी मांडी घालून आकडेमोड केली असली पाहिजे. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण इतर खर्चासाठी होते. हे सारे निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविले गेले. भिक्खूच्या अंगावरचे चीवर शेवटी विणकराच्या श्रमातून येत होते. राजाच्या जावयाने मधे फक्त भांडवल घातले, ही गोष्ट विसरता कामा नये.

येथवर वाचून उषवदाताला बौद्ध राजपुरुष म्हणून गौरविण्याचा मोह आपल्या काही लेखकांना होतो. तो आवरला पाहिजे. त्याच लेण्यातील त्याचा दुसरा लेख संस्कृताकडे झुकणाऱ्या भाषेत आहे, आणि त्यात ब्राह्मणांना तीन लाख गाई व सोळा गावे दिल्याचे, दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना भोजन घातल्याचे, प्रभास तीर्थी ब्राह्मणांना आठ भार्या करून दिल्याचे अभिमानाने सांगितले आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन, शूर्पारक येथे धर्मशाळा आणि तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर विनामूल्य नावा, ही कामे मात्र साऱ्यांच्या उपयोगाची होती. मालवांनी वेढलेल्या उत्तमभद्रांची सुटका केल्यावर तो पुष्करास स्नानाला गेला. हे सगळे बौद्ध लेण्याच्या भिंतीवर कोरलेले आहे! नव्या देशात पाय रोवू पाहणाऱ्या राजकुलाने सर्व दारांवर दान ठेवले, असाच याचा सरळ अर्थ आहे.

पुढे सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडून काढली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा उमटविलेला आहे. विजयाचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. भिक्खू संघाच्या दृष्टीने यात लक्ष देण्याजोगे हे की, राज्य बदलले पण दान तुटले नाही. आपल्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठवून उषवदाताच्या उपभोगात असलेले दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिले. ते गाव उजाड पडून शेती होईनाशी झाली, तेव्हा चोविसाव्या वर्षी त्याऐवजी शंभर निवर्तने राजकीय जमीन देण्यात आली. कार्ल्याला उषवदाताने भिक्खूंना दिलेल्या करजिक गावाचीही तीच गोष्ट; तेही सातवाहनांच्या आज्ञेने भिक्खूंकडेच राहिले.

पण त्रिरश्मीच्याच तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरविलेली प्रशस्ती आहे. ते लेणे भद्रयाणीय निकायाच्या भिक्खूंना दिलेले आहे. त्या प्रशस्तीत गौतमीपुत्राला शक, यवन व पल्हव यांचा नाश करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा, अद्वितीय ब्राह्मण आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा म्हटले आहे. बौद्ध विहाराच्या ओवरीत, भिक्खूंच्या डोळ्यांसमोर, वर्णसंकर रोखल्याची फुशारकी! अस्सलायनसुत्त पाठ असणाऱ्या भिक्खूंनी ती रोज वाचली असेल. त्यांनी त्यावर काही म्हटल्याची कोठेही नोंद नाही.

वर्णसंकर कितपत थांबला, हेही शिलालेखच सांगतात. कान्हेरीच्या एका पाण्याच्या टाक्यावरील लेखानुसार त्याच सातवाहन कुळातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातील, एका महाक्षत्रपाची कन्या होती. हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन, असे मानले जाते. म्हणजे शकाची मुलगी सातवाहनांची सून झाली. आणि इ. स. १५० च्या सुमाराचा रुद्रदामनाचा जुनागढ येथील लेख हा शुद्ध संस्कृत गद्यातील पहिला मोठा राजकीय लेख मानला जातो. ग्रंथांनी ज्यांना वृषल ठरविले, त्यांनीच संस्कृतला राजदरबाराची भाषा केले. सत्ता हाती असलेल्याला वर्णव्यवस्था दाराआड कशी सामावून घेते, आणि तीच दारे सामान्य विणकराला कशी बंद राहतात, ते येथे दिसते.

मध्ययुगातील मंगोलांचा इतिहास याच्याशेजारी ठेवून पाहावा. १२५८ साली बगदाद घेणाऱ्या हुलागूच्या वंशाने इराणमध्ये बौद्ध भिक्खूंना आश्रय दिला. अर्घून हा तर बौद्धांचा मोठा पाठीराखा होता. चीनमध्ये कुब्लाई खानाने तिबेटी आचार्य फग्‌स्पा यांना राजगुरू केले. इराणमध्ये खानाच्या खजिन्यातून विहार उभे राहिले. परंतु १२९५ साली अर्घूनचाच मुलगा गझन, जो बौद्ध आचार्यांच्या हाताखाली वाढला होता, इस्लाम स्वीकारून गादीवर बसला, आणि विहार पाडले गेले. काही वर्षांनी त्याचा वजीर रशीदुद्दीन याने काश्मिरी भिक्खू कमलश्री यांच्या साहाय्याने बुद्धचरित्र लिहिले. तोवर त्या देशात विहार उरले नव्हते. एका माणसाच्या मतपरिवर्तनाने संपावा इतका तो धम्म दरबारापुरता होता. त्रिरश्मीला तसे झाले नाही, कारण ठेव क्षत्रपाच्या तिजोरीत नव्हती, गोवर्धनच्या विणकरांकडे होती.

तरीही शेवटी त्रिरश्मीची लेणीही ओस पडलीच. येथे बाबासाहेबांच्या एका विधानाकडे वळावे लागते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले आहे की संघात प्रवेश करणाऱ्यासाठी विधी होता, परंतु गृहस्थाला धम्मात घेण्याची वेगळी धम्मदीक्षा नव्हती, आणि ही उणीव धम्माच्या ऱ्हासाचे एक कारण ठरली. उषवदात हे त्या उणिवेचे जिवंत उदाहरण आहे. तो चीवर देतो आणि गाईही देतो. लेणे कोरतो आणि पुष्करात स्नानही करतो. त्याला कोणी अडविले नाही, कारण अडविण्याजोगे व्रत त्याने घेतलेलेच नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा अर्थ या शिलालेखांजवळ उभे राहिल्यावर अधिक स्पष्ट होतो.

मात्र सर्वच शक उषवदातासारखे नव्हते. त्रिरश्मीवरच दशपुरचा रहिवासी, विष्णुदत्ताचा पुत्र वुधिक नावाचा एक शक लेखक आहे. त्याने एक लेणे आणि दोन पाण्याची टाकी दिली. राजा नव्हे, कारकून. आणि उषवदाताच्या त्याच दहा क्रमांकाच्या लेण्यात तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. तो विष्णुदत्ता नावाच्या स्त्रीचा. शक अग्निवर्म्याची ती कन्या, गणपक रेभिल याची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची आई. लेखात तिच्या नावापुढे दोन शब्द आहेत: शकनिका आणि उपासिका. तिने गोवर्धनच्या श्रेणींकडे अक्षय ठेव ठेवली: कुलरिकांकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे, १,००० कार्षापण, पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २,०००, तेल्यांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. लेखात गाई नाहीत, तीर्थे नाहीत, कोणाच्या पराभवाची फुशारकी नाही. ठेवीचे व्याज त्रिरश्मी विहारात राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या भिक्खूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठी खर्च करावयाचे होते.