यंत्राला वाफसा कसा कळेल?

मृगाचा पाऊस पडून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीम जिल्ह्यातील शेतकरी आपल्या शेतात जातो, वरची माती पायाने बाजूला सारतो आणि आतली मूठभर काळी माती हाती घेतो. ती मुठीत दाबून तो तिचा लाडू वळतो व कमरेच्या उंचीवरून खाली टाकतो. लाडू मुळी वळलाच नाही, तर जमीन अजून कोरडी आहे. खाली पडूनही तो जसाच्या तसा राहिला, तर जमीन फार ओली आहे. अशा वेळी तिफण घातली, तर चिखल फणांना चिकटून बसतो आणि बी नीट पडत नाही. पण लाडू पडताच फुटून मोकळा झाला, तर शेतकरी म्हणतो, "वाफसा आला." बियाण्यास पुरेशी ओल आणि मुळांना श्वास घेण्यापुरती हवा, ही दोन्ही मातीत असतात, तेव्हाच्या जमिनीच्या अवस्थेस वाफसा म्हणतात.

ही परीक्षा चुकली, तर तिची किंमत फार मोठी असते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे मुख्य ठिकाण म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म. येथील बहुतेक शेती आजही पावसावर अवलंबून आहे आणि खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन दिसते. अपुऱ्या ओलीवर पेरणी केली आणि मग पावसाने दडी मारली, तर कोवळे कोंब करपून जातात. दुबार पेरणी करावी लागते. बियाणे, खत, मजुरी, सारेच पुन्हा. म्हणून साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये, असे कृषी विभाग सांगत असतो.

मुलांनो, जी गोष्ट शेतकऱ्याची मूठ ओळखते, ती एखाद्या यंत्राला ओळखता येईल काय? येईल, आणि असे लहानसे यंत्र तुमच्या वयाची मुलेही तयार करू शकतील. परंतु यंत्राला काही शिकवायचे असेल, तर त्याच्याशी बोलण्याची रीत आधी शिकली पाहिजे.

संगणक स्वतः होऊन काहीच करीत नाही. त्याने काय करावे, हे त्याला पायरीपायरीने सांगावे लागते. अशा क्रमवार आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात, आणि ती लिहिण्याच्या कामास हल्ली सगळे कोडिंग म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावीपासून मुलांना याची ओळख करून द्यावी असे सांगितले, तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचला आहे. त्याबरोबर अशीही एक समजूत पसरली आहे, की महागडे संगणक आणल्यावाचून हा अभ्यास सुरूच करता येत नाही. ही समजूत खरी नव्हे. एसीएम इंडिया या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या सीएसपाठशाळा या उपक्रमात पुष्कळसे धडे संगणकाशिवायच, खेळांतून आणि कोड्यांतून दिले जातात.

त्यासारखाच एक खेळ वर्गात खेळून पाहा. एका विद्यार्थ्यास यंत्र करावे आणि त्याला दारापाशी उभे करावे. त्याला चारच आज्ञा कळतात: 'पुढे एक पाऊल', 'उजवीकडे वळ', 'डावीकडे वळ' आणि 'थांब'. बाकीच्यांनी त्याला फळ्यापर्यंत आणायचे. 'फळ्याजवळ ये' असे म्हणून चालणार नाही, कारण फळा म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. सगळ्या आज्ञा आधी कागदावर लिहावयाच्या आणि मग एकेक वाचून दाखवावयाच्या. पहिल्या खेपेस यंत्र बहुधा बाकावर जाऊन आदळते. वर्ग खदखदून हसतो. पण हसून झाल्यावर कागद पुन्हा पाहावा: कोणती आज्ञा जास्त झाली? वळण्याची आज्ञा एक पाऊल उशिरा आली काय? ती एक ओळ सुधारली, की पुढच्या खेपेस बाक टळतो. आज्ञावली लिहिणारी मोठी माणसेही दिवसाचा पुष्कळ वेळ याच कामात घालवितात.

आता त्याच कागदावरील आज्ञा वर्गातील सर्वांत बुटक्या मुलाला द्या. तो फळ्यापर्यंत पोचतच नाही! आज्ञा त्याच आहेत, पण पाऊल लहान आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे मातीशी गाठ पडेल तेव्हा ती उपयोगी पडणार आहे.

असाच खेळ कागदाऐवजी यंत्राशी खेळण्याची कल्पना जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकाची भाषा तयार केली. पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. लहानपणी त्यांना मोटारीतील दातेरी चाकांचे इतके वेड होते, की पुढे गणित शिकताना त्यांच्या डोळ्यांसमोर ती चाकेच फिरत असत. मुलांनाही हाती धरून विचार करता येईल अशी एखादी वस्तू द्यावी, असे त्यांना वाटे. लोगोतील ही वस्तू म्हणजे कासव. ते जमिनीवर चालणारे एक यंत्रच होते. त्याला लेखणी जोडलेली असे आणि ते जिकडे जाई तिकडे रेघ उमटे.

कासवाला चौरस काढावयास सांगायचे असेल, तर 'पुढे १००, उजवीकडे ९० अंश' हे चार वेळा लिहावे, किंवा नुसते 'हे ४ वेळा कर' असे सांगावे. समभुज त्रिकोण काढताना मात्र गंमत होते. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मुले 'उजवीकडे ६०' असे लिहितात आणि कासव भलतीकडेच जाते. स्वतः उठून त्रिकोणावर चालून पाहिले, म्हणजे उमगते, की आपण आतला कोन मोजला, पण वळावे लागते ते बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १२० अंश. पूर्ण फेरी ३६० अंशांची. तिला बाजूंच्या संख्येने भागले, की वळण मिळते. मग पंचकोनासाठी किती वळावे, हे तुम्हीच काढा.

पुढे २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेत मिचेल रेसनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्रॅच ही भाषा मुलांसाठी खुली केली. ती विनामूल्य आहे. तीत आज्ञा टंकलिखित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून त्या रचतात, त्यामुळे अक्षर चुकून सगळे काम अडण्याची भीती उरत नाही. या भाषेत मुले चित्रे हालवितात, गोष्टी सांगतात आणि विशेषतः खेळ तयार करतात.

खेळ तयार करावयाचा म्हणजे परदेशी नमुनाच हवा असे नाही. आपली सापशिडीच घ्या. तिला पूर्वी मोक्षपट म्हणत, आणि तो ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरा आहे. सोंगटी कोणत्या घरात आहे तो आकडा यंत्राने लक्षात ठेवायचा, फाशाऐवजी १ ते ६ यांपैकी कोणताही एक अंक काढायचा आणि तो त्या आकड्यात मिळवायचा. सापाचे तोंड लागले, तर आकडा कमी करायचा. शिडीचा पाया लागला, तर वाढवायचा. सोपे वाटते ना? पण सोंगटी ९८ वर आहे आणि ५ पडले, तर काय? काही घरी दान फुकट जाते, काही घरी सोंगटी १०० पर्यंत जाऊन उरलेली घरे मागे येते, तर काही घरी सरळ जिंकल्याचे मानतात. घरी आपण त्याच वेळी भांडून निकाल लावतो. यंत्राला भांडता येत नाही. आपण काहीच सांगितले नसेल, तर ते सोंगटी बिनदिक्कत १०३ व्या घरात नेऊन ठेवते, आणि ते घर तर पटावरच नाही! म्हणून भांडण आधी, वर्गात, करून घ्यावे लागते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ शाळांत संगणक थोडे आणि मुले फार असतात. मग एखादा धीट मुलगा कळफलक पटकावतो आणि बाकीचे, विशेषतः मुली, मागे उभे राहून पाहतात. पाहून पोहता येत नाही, तसेच हेही येत नाही. दर दहा मिनिटांनी हात बदलले पाहिजेत. एकाने सांगावे, दुसऱ्याने ठोकळे लावावे, तिसऱ्याने चूक शोधावी. तसेच, दुकानातून आणलेली आणि नुसते बटण दाबताच धावणारी यंत्रगाडी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. तिच्यातला विचार दुसऱ्याच कोणी आधी करून ठेवलेला असतो.

आता वाफशाकडे वळू. २०१६ मध्ये इंग्लंडमधील बीबीसी या संस्थेने त्या देशातील अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मायक्रोबिट नावाचे छोटे संगणक तयार करवून घेतले आणि सुमारे दहा लाख नग शाळांतून फुकट वाटले. हे यंत्र आगपेटीहून फारसे मोठे नाही. त्याच्यावर २५ बारीक दिवे आणि दोन बटणे असतात. संगणकावर आज्ञावली रचून एकदा ती यात भरली, की ते दोन लहान सेलांवर चालते. गावात वीज नसली तरी त्याचे अडत नाही. त्याच वर्षी भारतात नीती आयोगाने शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा काढण्याची योजना सुरू केली. इयत्ता सहावी ते बारावीच्या मुलांना अशी उपकरणे हाताळावयास मिळावीत, म्हणून निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तीत तरतूद होती. वाशीम जिल्ह्याचे नाव २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आले. शिक्षण आणि शेती या दोन्हींत सुधारणा घडविणे हा त्या कार्यक्रमाचा भाग आहे. आपल्या प्रयोगातही त्या दोन्ही एकत्र येतात.

साहित्य अगदी थोडे: मायक्रोबिट, दोन लांब खिळे, दोन तारा आणि कुंडीभर शेतातली माती. पाण्यात मातीतील क्षार विरघळतात व त्यांतून वीज वाहते. म्हणून ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरडीतून जात नाही. एका खिळ्याला यंत्राने वीज द्यावयाची आणि दुसऱ्याकडून किती आली ते मोजावयाचे. यंत्र ते माप ० ते १०२३ या आकड्यांत सांगते. कोरड्या मातीत आकडा लहान, ओल्या मातीत मोठा. वीज सतत चालू ठेवली, तर खिळे लवकर गंजतात. तेव्हा मोजण्यापुरतीच वीज सोडावी आणि लगेच बंद करावी, हेही आज्ञावलीतच लिहावे लागते.

पण वाफसा म्हणजे कोणता आकडा? हे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. त्यासाठी कुंडीत भरपूर पाणी घालून ती ठेवून द्यावी आणि रोज दोन कामे करावी: खिळ्यांवरील आकडा लिहावा आणि घरच्या जाणत्या माणसाकडून लाडवाची परीक्षा करून घ्यावी. आजी किंवा वडील ज्या दिवशी प्रथम "वाफसा आला" म्हणतील, त्या दिवशीचा आकडा ही वरची मर्यादा. ज्या दिवशी "आता ओल उडाली" म्हणतील, त्या दिवशीचा आकडा ही खालची. आकडा या दोहोंच्या मध्ये असेल, तर दिव्यांनी बरोबरची खूण दाखवावी, एरवी फुली. एवढीच काय ती आज्ञावली! तिच्यातील ठोकळे मोजून पाहिले, तर सापशिडीहून कितीतरी कमी भरतात. पण ते दोन आकडे मिळवावयास कित्येक दिवस लागतात.

मोजताना दोन्ही खिळे दर वेळी तितकेच खोल आणि एकमेकांपासून तितक्याच अंतरावर हवेत. नुकतेच खत टाकलेली माती घेतली, तर क्षार वाढून आकडाही वाढतो आणि यंत्र फसते. कुंडीतला आकडा शेतात नेऊन पुन्हा ताडून पाहावा लागतो. शिवाय काळ्या, खोल जमिनीवर मिळालेला आकडा शेजारच्या मुरमाड टेकाडावर चालत नाही. बुटक्या मुलाच्या पावलाची आठवण होते ना? तेथे कुंडी नव्याने भरावी लागते, लाडू नव्याने वळावा लागतो आणि वही नव्याने मांडावी लागते. मग यंत्रात आकड्यांच्या दोन जोड्या ठेवून त्याला सांगावे लागते, की डावे बटण दाबले तर काळी जमीन समज आणि उजवे दाबले तर मुरमाड.