ट्रॅक्टर लोडरसाठी पॅलेट फोर्कची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
कृषी यांत्रिकीकरणात मालाची चढ-उतार हा घटक दुर्लक्षित राहिला आहे. नाशिक जिल्ह्यातील निर्यातक्षम द्राक्षांच्या पेट्या पॅलेटवर रचल्या जातात. शीतगृहाच्या सपाट फरशीवर फोर्कलिफ्ट चालते. परंतु शेतातील ओबडधोबड जमिनीवर तिचा उपयोग मर्यादित ठरतो. तेथे ट्रॅक्टर लोडरच्या बकेटऐवजी पॅलेट फोर्क जोडणे हा सोयीचा पर्याय होय. मात्र चुकीची निवड चालकाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून निवडीचे निकष स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय विवेचन :

१) उचलक्षमता : लोडरच्या माहितीपत्रकातील क्षमता बहुधा भुजेच्या टोकाच्या पिनेजवळ मोजलेली असते, पॅलेटचा भार मात्र त्यापुढे असतो. उदाहरणार्थ, २ मीटर लांबीची भुजा आडवी असताना पिनेजवळ ८०० किलो उचलते असे मानू. फोर्कची चौकट पिनेपुढे २०० मिलिमीटरवर आणि १२०० मिलिमीटर खोलीच्या पॅलेटचा भारमध्य त्यापुढे ६०० मिलिमीटरवर असल्यास ही क्षमता सुमारे ५७० किलोवर येते. १५० किलोच्या फोर्कचे स्वतःचे वजन विचारात घेता ती साधारण ४५० किलो उरते. म्हणजेच ५० किलोच्या १६ गोण्या उचलता येतील असे वाटत असताना पॅलेटच्या वजनासह प्रत्यक्षात ८ गोण्याच उचलणे योग्य ठरते.

२) दात्यांची लांबी : दात्यांची लांबी भाराच्या खोलीच्या किमान दोन-तृतीयांश असावी. दाते अधिक लांब घेतल्याने क्षमता वाढत नाही; उलट पुढे आलेली टोके मागील मालात घुसतात.

३) जोडणी : युरोपीय पद्धतीची जोडणी आणि स्किड स्टीअर पद्धतीची जोडणी परस्परांशी जुळत नाहीत. त्यामुळे खरेदीपूर्वी आपल्या लोडरची जोडणी तपासणे अगत्याचे आहे.

४) मागील वजन : उचललेल्या भारामुळे पुढील आसावर दाब वाढतो व मागील चाके हलकी होतात, परिणामी ब्रेकची पकडही कमी होते. यासाठी ट्रॅक्टरच्या मागे, तीन-बिंदू जोडणीवर, उत्पादकाने सुचविलेले वजन लावावे. पुढील बाजूस वजन लावल्याने हा हेतू साध्य होत नाही.

५) जुने फोर्क : दात्याच्या वळणाजवळ जाडी १० टक्के झिजल्यास तो दाता बाद करावा. तडा गेलेला दाता स्थानिक वेल्डिंग करून वापरू नये.

निष्कर्ष :
फोर्कवर कोरलेली क्षमता ही केवळ फोर्कची असते, ट्रॅक्टरची नव्हे. फोर्क, लोडर, पुढील आस व मागील वजन यांपैकी जो घटक सर्वांत दुर्बल, तीच खरी मर्यादा होय. किमतीपेक्षा हा हिशेब प्रथम मांडणे आणि भार जमिनीलगत ठेवून वाहन चालविणे, यातच शेतकऱ्याचे हित सामावलेले आहे.