विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ

कोल्हापूर ते मुंबई हे अंतर रेल्वेने मिरज-पुणे मार्गे सुमारे ५१८ कि.मी. भरते. राष्ट्रीय महामार्गाने ते सुमारे ३८० कि.मी. आहे, तर आकाशमार्गे अवघे ३०० कि.मी.च्या आसपास आहे. घाट व नद्या यांचे वळसे विमानाला घ्यावे लागत नाहीत, हे याचे कारण होय.

सर्वात जवळचा मार्ग

पृथ्वी गोल असल्यामुळे दूरच्या दोन शहरांमधील सर्वात जवळचा मार्ग सपाट नकाशावर दिसत नाही. शिक्षकांनी पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून पाहावा. तो अरबस्तानावरून न जाता उत्तरेकडे वळून सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचतो. या मार्गास बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. त्याची लांबी सुमारे १२,५०० कि.मी. आहे. प्रत्यक्षात हवामान किंवा एखाद्या देशाने बंद केलेली हवाई हद्द यांमुळे विमानास यापेक्षा लांबचा मार्ग घ्यावा लागतो.

वेळेचा हिशेब

मुंबई-लंडन अंतर सुमारे ७,२०० कि.मी. आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ विमानाने या मार्गावरील पहिले उड्डाण केले, तेव्हा कैरो व जिनिव्हा येथे थांबे घ्यावे लागले. आजचे जेट विमान ताशी सुमारे ८५० ते ९०० कि.मी. वेगाने हा प्रवास न थांबता करते. तथापि, जाताना आणि येताना सारखाच वेळ लागत नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान जेट वारे परतीच्या प्रवासास साहाय्य करतात व जाताना विरोध करतात.

घड्याळांतील फरकही लक्षात घ्यावा लागतो. हिवाळ्यात लंडनची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. समजा, मुंबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान लंडनला तेथील सायंकाळी ६.३० वाजता उतरले, तर प्रवास साडेचार तासांचा नसून दहा तासांचा झाला.

कोल्हापूरचा अनुभव

कोल्हापूरजवळील उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत १९३९ साली सुरू झाला. मध्यंतरी खंडित झालेली प्रवासी सेवा २०१८ साली ‘उडान’ योजनेखाली पुन्हा सुरू झाली. मुंबईचे उड्डाण सुमारे एक तासाचे. परंतु घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, तपासणी, सामानाची प्रतीक्षा आणि मुंबईतील वाहतूक यांचा वेळ त्यात मिळवावा लागतो. चंदगड वा गगनबावड्याहून तातडीने मुंबईस न्यावयाच्या रुग्णाच्या दृष्टीने हा जमिनीवरचा वेळच निर्णायक ठरतो.

अंतर जितके कमी, तितका एकूण प्रवासात जमिनीवरील वेळेचा वाटा मोठा असतो. म्हणूनच विमानतळास जोडणारे चांगले रस्ते आणि नियमित उड्डाणे यांचे महत्त्व धावपट्टीइतकेच आहे. या कामी परिसरातील ग्रामपंचायतींचाही वाटा आहे. उघड्यावरील कचऱ्यामुळे पक्षी जमतात व उड्डाणांस धोका पोहोचतो. उंच बांधकामे विमानाच्या मार्गात अडथळा ठरतात. कचऱ्याची योग्य विल्हेवाट आणि बांधकामांच्या उंचीवर नियंत्रण ठेवल्यास सेवा सुरक्षित व वक्तशीर राहील आणि आकाशात वाचलेला वेळ गावापर्यंत पोहोचेल.