न उबलेल्या अंड्याचा पंचनामा

पिंपरीत संत तुकाराम नगराला लागून वल्लभनगरचं एसटी आगार आहे. लांबच्या गाड्या इथे येतात, आणि माणसांबरोबर खोकी-पार्सलंही येतात. गावरान, कडकनाथ किंवा बदकाची उबवणुकीची अंडी हल्ली अशाच वाटांनी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातात: कधी एसटीनं, कधी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, कधी कुरिअरनं. घेणारा खायच्या अंड्याच्या कितीतरी पट पैसे मोजतो, अंडी यंत्रात मांडतो आणि 21 दिवस वाट पाहतो. पिल्लं निघाली नाहीत की फोन जातो. घेणारा म्हणतो, तुमची अंडीच वांझ होती. विकणारा म्हणतो, तुमचं मशीन बिघडलंय. दोघंही खात्रीनं बोलतात आणि पुरावा दोघांकडेही नसतो, कारण तोवर अंडी उकिरड्यावर गेलेली असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हा वाद आवाज चढवून सुटणारा नाही, तो अंडं फोडून सुटतो. न उबलेलं अंडं स्वतःच आपली जबानी देतं. ती वाचायची कशी आणि तिच्यावरून भरपाई ठरवायची कशी, हे व्यवहार होण्याआधीच ठरलेलं असावं.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. फलित अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर पडतं तेव्हाच त्यातला जीव वाढीला लागलेला असतो. अंडं कोंबडीच्या उबदार शरीरात सुमारे दिवसभर असतं. तेवढ्या वेळात गर्भाच्या हजारो पेशी तयार होतात. बाहेर गार हवा लागली की ही वाढ थांबते. जीव मरत नाही, झोपतो. ही झोप 15 ते 18 अंश तापमानात आणि दमट हवेत नीट टिकते, पण तिलाही मुदत आहे. साधारण आठवड्यानंतर प्रत्येक दिवसागणिक पिल्लं निघण्याचं प्रमाण घटत जातं. आता एप्रिल-मे महिन्यातली डिकी डोळ्यांसमोर आणा. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असतो, आत त्याहून जास्त. झोपलेला गर्भ अर्धवट जागा होतो, थोडा वाढतो, गाडीतून उतरल्यावर पुन्हा गार पडतो आणि मरतो. दुसरा धोका हादऱ्यांचा. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. खड्ड्यांच्या रस्त्यानं ती सुटते आणि अंडं वळवलं की बुडबुड्यासारखी सरकू लागते. म्हणून पार्सल आल्याबरोबर अंडी यंत्रात टाकू नयेत. बोथट टोक वर करून ती किमान 12 ते 24 तास स्थिर ठेवावीत.

म्हणजे एका न उबलेल्या अंड्यामागे तीन हात असतात: पाळणाऱ्याचा, वाहतुकीचा आणि उबवणाऱ्याचा. कोणाच्या हातून चूक झाली हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च पुठ्ठ्याच्या भोकाला लावा आणि सातव्या दिवशी त्यावर एकेक अंडं धरून पाहा. गर्भ जिवंत असेल तर मध्ये काळसर ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. मधूनच ठिपका हलतो. गर्भ सुरुवातीच्या दिवसांत मेला असेल तर शिरा विरून फक्त लाल कडं उरतं. अंडं स्वच्छ, पिवळं, आरपार दिसलं तर ते बाजूला घेऊन बशीत अलगद फोडावं. बलकावर लहान, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर अंडं बहुधा अफलित होतं. ठिपका मोठा, फिकट आणि कडं असलेला असेल तर अंडं फलित होतं, गर्भ नंतर मेला. ही तपासणी सातव्या दिवशीच करावी. एकविसाव्या दिवसापर्यंत बलक विरघळू लागतो आणि ठिपक्याची खूण पुसली जाते.

उरलेली अंडी मुदत संपल्यावर, आणखी एक-दोन दिवस थांबून फोडावीत. आत पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू मेलेलं असेल, तर त्याचा बाप नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही. तिथे बहुतेक वेळा शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा कमी पडलेला असतो, हवा कोंडलेली असते किंवा तापमान 37.5 अंशांच्या आसपास टिकलेलं नसतं. सगळे गर्भ एकाच वयाचे होऊन मेले असतील तर त्या दिवशी सर्वांवर एकच घाव पडला असं समजावं. आपल्या पुणे-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. अशा दिवसाची तारीख आणि गर्भाचं वय जुळतं का, हे पडताळून पाहावं. मृत्यू वेगवेगळ्या वयाचे असतील तर कारणं मिसळलेली असतात. अडचण फक्त एका गटाची आहे, ती म्हणजे पहिल्या तीन-चार दिवसांतल्या मृत्यूंची. जुनी अंडी, प्रवासातली उष्णता आणि यंत्राचं सुरुवातीचं जास्त तापमान, तिन्हींची खूण सारखीच दिसते.

या अडचणीवर सोपा उपाय आहे. विकणाऱ्यानं प्रत्येक पार्सलमागे त्याच दिवसाच्या, त्याच कळपातल्या अंड्यांपैकी सहा-आठ अंडी स्वतःच्या यंत्रात किंवा खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. ती उबली आणि पाठवलेली उबली नाहीत, तर दोष कळपात नाही, वाटेत किंवा उबवणुकीत आहे. तीही उबली नाहीत, तर ग्राहकानं एक शब्द बोलण्याआधी विकणाऱ्याला उत्तर मिळालेलं असतं. मग जबाबदारीची वाटणी सरळ होते. अफलित अंड्यांची भरपाई पूर्ण विकणाऱ्याची, कारण नर-माद्यांचं प्रमाण आणि नराचं वय त्याच्याच हातात होतं. वाटेतलं नुकसान निम्मं-निम्मं, कारण धोका दोघांनी पत्करला. यंत्रातलं नुकसान घेणाऱ्याचं.

विकणारे यावर म्हणतात की हा जिवंत माल आहे, त्याची हमी कोण देणार? पिल्लाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खरं आहे. पण अंडं कोणत्या तारखेचं, कोणत्या कळपाचं आणि कळपाचं फलन किती, याची हमी देता येते, द्यायलाच हवी. शेतकऱ्याला हा फरक नवा नाही. बियाणंही जिवंत असतं, पाऊस कोणाच्या हातात नसतो, तरी सोयाबीनच्या पिशवीवर किमान 70 टक्के उगवणीचं बंधन असतं. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यातून तक्रारींचा लोंढा आला, तेव्हा तालुका समित्यांनी बांधावर जाऊन पंचनामे केले. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे असं सांगितलं. पेरलेल्या बियाण्याचा नमुना त्यानं तपासणीसाठी राखून ठेवावा, अशी अपेक्षा धरता येत नाही, असंही म्हटलं. ‘जिवंत माल, हमी नाही’ ही सबब बियाण्याला चालत नसेल, तर अंड्याला का चालावी?

कायद्याची चौकटही तयार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल परत न घेणं किंवा पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवसांची धरली जाते. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत उबतं, त्यामुळे पार्सल येताच अंडी मांडणाऱ्याच्या हातात तक्रारीसाठी जेमतेम आठवडा उरतो. बदकाच्या अंड्याला 28 दिवस लागतात, तिथे तेवढाही वेळ नाही. म्हणून विकणाऱ्यानं बिलावरच उबवणुकीचे दिवस धरून तक्रारीची मुदत लिहावी. नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेला माल या कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर बसतो. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. तरीही काही डझन अंड्यांसाठी ग्राहक आयोगाची पायरी चढायची वेळ येणं हे दोघांचंही अपयश आहे.

दुसरा आक्षेप असा की ग्राहक खोटं बोलतील. यंत्र त्यांचं बिघडेल आणि फुकटची अंडी मागतील. म्हणूनच तर पुरावा मागायचा. प्रत्येक अंड्यावर तारीख आणि खूण पेन्सिलनं लिहिलेली असेल आणि सातव्या दिवशी फोडलेल्या अंड्यांचे फोटो त्या खुणेसह यायचे असतील, तर खोटं बोलणं खरं बोलण्यापेक्षा अवघड होतं. तिसरा आक्षेप घरगुती पाळणाऱ्या बायाबापड्यांचा आहे: एवढी भरपाई आम्हाला परवडेल कशी? रोख देण्याऐवजी पुढच्या खेपेत तितकी फलित अंडी द्यावीत, ते परवडतं. परवडत नाही ते गेलेलं नाव. 2019 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या योजनांत अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. तेव्हापासून प्रामाणिक पाळणाऱ्याकडेही लोक संशयानं पाहतात. त्याला हिशेब उघडा ठेवण्यावाचून दुसरा उपाय नाही.

घेणाऱ्यालाही न्यायानं वागावं लागेल. डझनभर अंड्यांत एक अंडं कमी-जास्त झालं की टक्केवारी आठानं बदलते, तेव्हा एका डझनावरून कोणाला लबाड ठरवू नये. यंत्रातला थर्मामीटर दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहावा. पहिल्याच खेपेला दूरची महागडी अंडी मागवू नयेत. पुण्याजवळ खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा जवळच्या ठिकाणाहून अंडी घेऊन आधी आपला हात आणि यंत्र पारखावं. आणि विकणाऱ्यानं तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्यावं. पहिल्याच वाक्यात स्वतःचा बचाव करू नये. अंडी कधी पोहोचली, किती तास स्थिर ठेवली, तापमान किती होतं आणि फोडल्यावर काय दिसलं, हे चार प्रश्न विचारावेत.

एकवीस दिवस वाट पाहिलेल्या माणसाला सगळ्यात जास्त हवं असतं ते कारण. कारण कळलं तर तो पुढच्या वेळी शहाणा होतो, आणि विकणाराही. म्हणून अंडी मागवणाऱ्या आणि पाठवणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती आहे: न उबलेलं अंडं फेकू नका, आधी फोडून पाहा.